परदेशातील उन्हाळी फ्रेंच वर्ग आणि भाषाज्ञानाच्या पायऱ्या

एखाद्यास परकीय भाषा ‘येते’ किंवा ‘येत नाही’ अशा दोनच शब्दांत भाषाज्ञान मोजण्याची आपली जुनी सवय आहे. सरकारी नोकरीच्या अर्जांत मात्र ‘वाचता येते, लिहिता येते, बोलता येते’ असे तीन वेगळे रकाने फार पूर्वीपासून असत. ज्या कारकुनाने ते प्रथम आखले त्याच्यापाशी भाषाविज्ञानाची पदवी बहुधा नसावी. पण भाषा येणे ही एक गोष्ट नसून अनेक गोष्टी आहेत, हे त्याने बरोबर ओळखले होते. युरोपातील भाषाशिक्षणास हाच विचार शास्त्रशुद्ध रीतीने मांडावयास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. आपल्याकडील पदव्युत्तर विद्यार्थी व संशोधक उन्हाळ्यात चार-सहा आठवड्यांसाठी फ्रान्समध्ये फ्रेंच शिकावयास जातात, तेव्हा त्यांची पहिली गाठ या विचाराशीच पडते. त्या वर्गांचे स्वरूप कसे असते, तेथील पायऱ्या कशा ठरल्या आणि भारतीय साहित्याच्या अभ्यासकास त्या कितपत उपयोगी आहेत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परकीयांना फ्रेंच शिकविणे हा फ्रान्समध्ये जुना व्यवसाय आहे. पॅरिसमध्ये ‘आलियाँस फ्रांसेज’ ही संस्था १८८३ साली स्थापन झाली. तूर येथील संस्था १९१२ ची, सॉर्बोनमधील परकीयांसाठीचे वर्ग १९१९ चे, बझांसों येथील उपयोजित भाषाविज्ञानाचे केंद्र १९५८ चे, तर व्हिशीचे केंद्र १९६४ चे. व्यवस्था बहुतेक ठिकाणी सारखीच असते. पहिल्या दिवशी स्थान-निश्चितीची चाचणी होते : काही व्याकरणाचे प्रश्न, एक लहानसा निबंध आणि शिक्षकाशी दहा-पंधरा मिनिटांचे संभाषण. तिच्या निकालावरून विद्यार्थ्यास एका वर्गात बसविले जाते. आठवड्यास साधारण वीस तास शिकवणी असते, दुपारी उच्चारांचे किंवा साहित्याचे जादा वर्ग असतात आणि मुक्काम वसतिगृहात किंवा एखाद्या कुटुंबात असतो.

वर्गांची नावे आता सर्वत्र एकच झाली आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ व सी-२. ही सहा पायऱ्यांची शिडी युरोपीय परिषदेने २००१ साली प्रसिद्ध केली. परंतु तिच्या मागे अर्धशतकाचे काम आहे. १९५० नंतरच्या काळात झॉर्झ गूगेनहाइम व त्यांचे सहकारी यांनी सामान्य माणसांची संभाषणे ध्वनिमुद्रित करून त्यांतील शब्दांची वारंवारिता मोजली आणि १९५४ मध्ये सुमारे दीड हजार शब्दांचे ‘प्राथमिक फ्रेंच’ निश्चित केले. या मोजणीत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. जेवणाचा काटा, बस यांसारखे शब्द प्रत्येक फ्रेंच माणसाच्या जिभेवर तयार असूनही संभाषणात ते क्वचितच येत. काट्याविषयी रोज बोलते कोण? अशा शब्दांना ‘सिद्ध शब्द’ मानून वेगळ्या चौकशीने त्यांची भर घालावी लागली. केवळ संख्येवर विसंबून भाषा मोजता येत नाही, याचा हा पहिला धडा होता. पुढे १९७५ मध्ये इंग्रजीसाठी आणि १९७६ मध्ये फ्रेंचसाठी ‘उंबरठा-पातळी’ या कल्पनेचे वर्णन आले. किती शब्द येतात यापेक्षा भाषेने काय काय करता येते — पत्ता विचारता येतो काय, नकार देता येतो काय, तक्रार मांडता येते काय — यावर तिचा भर होता. आजची बी-१ ही पायरी म्हणजे तोच उंबरठा होय. १९८५ साली सुरू झालेल्या ‘देल्फ’ व ‘दाल्फ’ या फ्रेंच शासनाच्या परीक्षा २००५ मध्ये या शिडीला जोडण्यात आल्या. ‘देल्फ’मध्ये ऐकणे, वाचणे, लिहिणे व बोलणे यांना प्रत्येकी २५ गुण असतात. उत्तीर्ण होण्यास एकूण ५० गुण लागतात, आणि कोणत्याही एका अंगात ५ पेक्षा कमी पडल्यास बाकीचे गुण वाया जातात.

आता थोडे गणित. फ्रेंच शिकविणाऱ्या संस्थांच्या अंदाजाप्रमाणे पहिली पायरी चढण्यास साठ ते शंभर तास पुरतात. बी-२ पर्यंत पोहोचण्यास मात्र आरंभापासून साडेपाचशे ते साडेसहाशे तास लागतात. चार आठवड्यांच्या वर्गात मिळतात ऐंशी. म्हणजे अगदी आरंभी असलेल्या विद्यार्थ्यास एका उन्हाळ्यात एक पायरी चढता येईल. बी-१ वर उभा असलेला मात्र तेवढ्याच काळात व तेवढ्याच खर्चात अर्धी पायरीही चढणार नाही. शिडीच्या पायऱ्या सारख्या अंतरावर नाहीत, ही गोष्ट माहितीपत्रके ठळकपणे सांगत नाहीत. पहिली पायरी मुंबईत, पुण्यात वा दिल्लीत चढता येते. तीसाठी समुद्र ओलांडणे ही चैन आहे. परदेशातील मुक्कामाचे खरे मोल मधल्या पायऱ्यांवर आहे. तेथे वर्गातल्यापेक्षा अधिक भाषा वर्गाबाहेर कानांवर पडते आणि ती कळण्याइतकी तयारी झालेली असते.

विवेचनाच्या सोयीसाठी एक कल्पित विद्यार्थिनी घेऊ. जयपूरच्या जुन्या तटबंदीच्या शहराबाहेर, अजमेर मार्गावर सोडाला नावाची वस्ती आहे. तेथील एका महाराष्ट्रीय कुटुंबातील ही मुलगी. घरी मराठी, शाळेत हिंदी व इंग्रजी, शेजारीपाजारी ढूंढाडी. चाचणीच्या कागदावर ती आणि पुण्याहून आलेली तिची वर्गमैत्रीण, दोघींची पायरी ए-२ हीच असेल. परंतु दोघींची वाट एक नाही.

अनुनासिक स्वरांचेच पाहा. फ्रेंचमध्ये ‘बो’ म्हणजे सुंदर आणि ‘बों’ म्हणजे चांगला. भेद केवळ नाकातल्या स्वराचा. हिंदीत ‘पूछ’ आणि ‘पूँछ’ यांत असाच भेद आहे, आणि सोडाल्याच्या मुलीचा कान त्यावर लहानपणीच घडलेला असतो. प्रमाण मराठीने हे स्वर उच्चारातून बहुतांशी गमावले. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार लेखनातूनही काढून टाकले. जे उच्चारात नव्हते ते लिहू नये हा निर्णय रास्तच होता. पण पुण्याची मुलगी फ्रेंच वर्गात ‘बों’च्या जागी ‘बोन’ किंवा ‘बोंग’ म्हणते, तेव्हा त्या लुप्त अनुस्वारांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. कोंकणी बोलणाऱ्यास ही अडचण नाही. ओठांचा चंबू करून ‘ई’ म्हणावयाचा तो फ्रेंच स्वर, आणि घशातला ‘र’, हे मात्र सर्वांनाच सारखे परके.

लिंगाच्या बाबतीत उलट प्रकार. लॅटिनचे नपुंसकलिंग फ्रेंचमध्ये बहुतांशी पुल्लिंगात विलीन झाले. मराठीने ते राखले. त्यामुळे ‘पुस्तक’ व ‘टेबल’ यांना मराठीत जी तिसरी जागा आहे ती फ्रेंचमध्ये नाही. पुस्तक तेथे पुल्लिंगी, टेबल स्त्रीलिंगी. हिंदीत ‘किताब’ आणि ‘मेज’ दोन्ही स्त्रीलिंगी. दोन भाषा जाणणारी मुलगी येथे तीन वेगवेगळ्या व्यवस्था डोक्यात बाळगते. लिंग हे वस्तूत नसून भाषेत असते, हे मात्र तिला समजावून सांगावे लागत नाही. इंग्रजीभाषी विद्यार्थ्यास ते मान्य करावयास आठवडा लागतो.

सर्वांत रंजक प्रकरण भूतकाळाचे आहे. फ्रेंचमध्ये ‘जाणे’, ‘येणे’ अशा क्रियापदांचे भूतकालवाचक कृदंत कर्त्याप्रमाणे बदलते : तो गेला, ती गेली. मराठी मनाला यात नवल नाही. सकर्मक क्रियापदांत मात्र कृदंत कर्त्याप्रमाणे बदलत नाही. कर्म आधी आले तर ते कर्माप्रमाणे बदलते आणि कर्म नंतर आले तर मुळीच बदलत नाही. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ या अर्थाच्या रचनेत चिठ्ठी आधी येते, म्हणून कृदंत स्त्रीलिंगी होऊन ‘एक्रीत’ असे ऐकू येते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ या सरळ विधानात फ्रेंच माणूस केवळ ‘एक्री’ म्हणतो. हा नियम फ्रेंच मुलांनाही जड जातो. पण ‘मी चिठ्ठी लिहिली, मी पत्र लिहिले’ असे जन्मभर म्हणत आलेल्यास कृदंताने कर्माशी जुळावे यात काय अवघड? त्याला फक्त कोठे जुळवू नये एवढेच शिकावयाचे असते. अर्थात मराठीसुद्धा सरळ नाही. ‘तिने चिठ्ठी लिहिली’ म्हणणारे आपण ‘तिने फ्रेंच शिकली’ म्हणत नाही. ‘ती फ्रेंच शिकली’ म्हणतो. शिकणे हे क्रियापदच अपवादात जाऊन बसले आहे.

व्याकरणाच्या पुस्तकाबाहेरची एक पायरी संबोधनाची. फ्रेंच ‘व्हू’ आपल्या ‘तुम्ही’प्रमाणे अनेकवचनाचे व आदराचे, आणि ‘त्यू’ म्हणजे ‘तू’, असे समीकरण पहिल्याच धड्यात शिकविले जाते. परंतु मराठी घरात आईस ‘तू’ आणि वडिलांस पुष्कळदा ‘तुम्ही’ म्हणतात. राजस्थानात अनेक घरांत लहान मुलांसही ‘आप’ म्हणतात. फ्रान्समध्ये वर्गातील मुले पहिल्याच भेटीत एकमेकांस ‘त्यू’ म्हणू लागतात, पण दुकानदाराशी तसे बोलणे उद्धटपणाचे ठरते. ज्या घरी मुक्काम आहे तेथील बाईंस काय म्हणावे? हे कोणत्याही चाचणीत नसते. त्या बाईंनीच एके दिवशी ‘आता त्यू म्हण’ असे सांगेपर्यंत ‘व्हू’ म्हणत राहणे, हाच त्यावरचा सुरक्षित उपाय.

या सर्वांवरून एक गोष्ट दिसते. पायरी ही एकच नसते. आपल्या विद्यापीठांतून येणाऱ्या विद्यार्थ्याचे वाचन बी-२ चे, लेखन बी-१ चे आणि बोलणे ए-२ चे असे अनेकदा आढळते. चाचणीचा कागद त्याला वरच्या वर्गात बसवितो आणि पहिल्याच तासाला तो मुका होतो. संभाषणावरून बसविले तर त्याला खालच्या वर्गात पावाचे दुकान आणि रेल्वेचे तिकीट यांतच महिना काढावा लागतो. जयपुरातच याचे उलटे रूप पाहावयास मिळते. आमेरच्या किल्ल्यावर किंवा जंतरमंतरात फ्रेंच प्रवाशांना माहिती देणारे मार्गदर्शक तास-दोन तास न अडखळता बोलतात. त्यांतील कित्येकांना त्याच विषयावर एक पान लिहिणे मात्र कठीण जाईल. दोघांपैकी कोणास फ्रेंच अधिक येते, हा प्रश्नच चुकीचा आहे. अशा विद्यार्थ्यांनी चाचणीनंतर संकोच न करता शिक्षकास आपली विषम तयारी सांगावी. बहुतेक ठिकाणी पहिल्या आठवड्यात वर्ग बदलून मिळतो, आणि सकाळी एका पायरीचा व दुपारी दुसऱ्या पायरीचा वर्ग घेण्याची सोयही पुष्कळदा असते.

जयपूर आणि फ्रान्स यांचा संबंध पर्यटनापेक्षा जुना आहे. सवाई जयसिंहाच्या बोलावण्यावरून १७३४ मध्ये चंद्रनगरहून पोंस व बूदिए हे दोन फ्रेंच जेझुइट ज्योतिषाच्या चर्चेसाठी जयपुरास आले होते. त्याच दरबारात जगन्नाथ सम्राटांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. ग्रंथासाठी भाषा शिकावी ही परंपरा आपल्याला नवी नाही. २०२४ च्या जानेवारीत फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जयपुरास येऊन गेले, त्या भेटीच्या सुमारास २०३० पर्यंत तीस हजार भारतीय विद्यार्थी फ्रान्समध्ये यावेत असे उद्दिष्ट पुन्हा घोषित झाले. ते विद्यार्थी बहुधा व्यवस्थापन व अभियांत्रिकीचे असतील. साहित्याच्या अभ्यासकाची निकड निराळी आहे.

ती किती खरी आहे हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मराठी भाषेच्या ऐतिहासिक घडणीचा पायाभूत ग्रंथ फ्रेंचमध्ये लिहिला गेला. झ्यूल ब्लॉक यांचा हा प्रबंध १९२० साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. तो मराठीत आला १९४१ मध्ये, वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या ‘मराठी भाषेचा विकास’ या भाषांतराने. इंग्रजी भाषांतर त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी झाले. हे कार्य परांजप्यांकडून घडले ते योगायोगाने नव्हे. कात्यायनाच्या वार्तिकांवरील त्यांचा स्वतःचा प्रबंध १९२२ साली फ्रेंच भाषेतच प्रसिद्ध झालेला होता. शिडीच्या परिभाषेत त्यांची पायरी कोणती, हे विचारणे हास्यास्पद होईल. पण त्यांच्यासारखा एक वाचक नसता, तर आपल्याच भाषेचा इतिहास इंग्रजीमार्गे हाती येण्यास मराठी अभ्यासकास अर्धशतक थांबावे लागले असते. गी देल्यूरी यांनी १९५६ मध्ये तुकारामाच्या अभंगांचे फ्रेंच भाषांतर केले. त्याचे मराठीत परीक्षण करावयाचे तर अभंग व फ्रेंच पद्य दोन्ही ऐकू येणारा कान हवा, आणि तो बी-२ च्या प्रमाणपत्राने मिळत नाही.

उलटपक्षी, केवळ वाचनाच्या बळावर काय साधते याचे उदाहरण गार्सां द तासी. हिंदुस्तानीचे पहिले अध्यासन पॅरिसमध्ये १८२८ साली त्यांना मिळाले, हिंदुई व हिंदुस्तानी साहित्याचा इतिहास त्यांनी लिहिला, आणि भारतात ते एकदाही आले नाहीत. त्यांच्या इतिहासातील बळ आणि उणिवा या दोहोंचे मूळ बऱ्याच अंशी येथेच आहे. म्हणून संशोधकाने उन्हाळी वर्गास जाण्यापूर्वी एक निवड करावी. ग्रंथ वाचणे एवढाच हेतू असेल तर तो पैसा शब्दकोश, व्याकरण आणि घरी रोज दोन पाने यांवर खर्च करणे अधिक फलदायी आहे. उन्हाळी वर्गांत शुद्ध वाचनाचा अभ्यासक्रम विरळा. भाषांतर करावयाचे असेल, पद्याचा नाद पकडावयाचा असेल, फ्रेंच अभ्यासकांशी वाद घालावयाचा असेल, तर मात्र बी-१ पर्यंत येथे पोहोचून मग जावे, आणि जमल्यास चाराऐवजी आठ आठवडे राहावे.

हाच व्यवहार उलट दिशेनेही चालतो. १९६१ साली स्थापन झालेली ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही संस्था परदेशी विद्यार्थ्यांसाठी जयपुरात हिंदीचे आणि पुण्यात मराठीचे वर्ग चालवीत आली आहे, आणि तेथेही आरंभिक, मध्यम, प्रगत अशी विभागणी असते. परंतु मराठीच्या ‘मध्यम’ पायरीवर नेमके काय यावे — सामान्यरूप किती, ‘ने’ची रचना किती, कोणते दीड हजार शब्द — हे फ्रेंचइतक्या तपशिलाने ठरलेले नाही. पुण्याचे पश्चिम विभागीय भाषा केंद्र १९७० पासून इतर भाषकांना मराठी शिकवीत आहे. त्याच्या वर्गांतील अनुभव व बोलल्या जाणाऱ्या मराठीची ध्वनिमुद्रणे यांवर आधारलेली शब्द-वारंवारितेची मोजणी हे त्या कामाचे पहिले पाऊल ठरेल. काट्यासारखे ‘सिद्ध शब्द’ मराठीत कोणते निघतात — पोळपाट, किल्ली, की आणखी काही — ते तेव्हाच कळेल.