मजुरी कोणाच्या हातात?

शहरात सकाळी कचऱ्याची गाडी येते. माणसे डबे उचलतात, गाडीत ओततात. गाडी पुढे जाते. गल्ली स्वच्छ होते. पण ज्याने डबा उचलला त्याला त्याची मजुरी मिळाली का? आणि ती कोणाच्या हातात पडली? हे फारसे कोणी विचारत नाही. आज आपण तेच विचारू.

गुलाम म्हटला की काय डोळ्यांपुढे येते? पायात बेडी आणि पाठीवर चाबूक. पण बेडी न घालताही माणूस बांधता येतो, बरे का! उचल देऊन बांधता येतो. धमकी देऊन बांधता येतो. त्याचे कागद काढून घेतले तरी तो बांधला जातो. अशा माणसाला आपण वेठबिगार म्हणतो. आजच्या काळातली गुलामी ती हीच.

तुम्ही म्हणाल, "हे गरीब देशात होत असेल. श्रीमंत देशात कसे होईल?" तर मग इंग्लंडात घडलेली ही हकीगत ऐका.

युरोपात पोलंड नावाचा देश आहे. तिथे काही गरीब माणसांना ओळखी करून घेणारे लोक भेटले. तेही पोलंडचेच, त्यांचीच भाषा बोलणारे. गरिबांपैकी कोणी बेघर होता, कोणी नुकताच तुरुंगातून सुटलेला. "इंग्लंडला चल. काम आहे, खोली आहे, पैसाही चांगला आहे," असे सांगून त्यांना नेले. हे 2012 ते 2017 या काळात घडले. चारशेहून जास्त माणसे या टोळीच्या हाती सापडली असावीत, असा पोलिसांचा अंदाज आहे.

बर्मिंगहॅम शहराच्या आसपास त्यांना ठेवले. घरे घाणेरडी. एकेका खोलीत चार चार माणसे. कोणाला शेतात कामाला लावले, कोणाला कचरा निवडण्याच्या कारखान्यात. काम खरे होते. मजुरीही निघत होती. ती बँकेत जमा होत होती. खाते मजुराच्या नावाचे होते. पण खात्याचा ताबा टोळीकडे! मजुराच्या हातावर चार पैसे टेकवायचे आणि म्हणायचे, "तुझ्याकडून आमचे येणे आहे. प्रवासाचे आहे, भाड्याचे आहे." कोणी तोंड उघडले तर त्याला मार बसे.

2015 साली दोघे जण पळाले. एका सेवाभावी संस्थेला त्यांनी सारे सांगितले. मग तपास झाला, खटले चालले. 2019 साली टोळीतल्या आठ जणांना तुरुंगात धाडल्याचे जाहीर झाले.

आता सांगा, कारखान्याच्या मालकाला हे कसे कळले नाही? कारण मजूर त्याने स्वतः आणले नव्हते. मजूर पुरवणारी कचेरी मधे होती. अशाच एका कचेरीत टोळीतली एक बाई नोकरीला होती. मालक एवढेच पाही, की माणसे आली का, काम झाले का. मजुरी दिली की आपले काम संपले, असे त्याला वाटे. ती पुढे कोणाच्या हाती जाते, हे त्याने पाहिले नाही.

इंग्लंडात 2015 साली याविषयी कायदा झाला. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त आहे, तिने दरवर्षी लिहून जाहीर करायचे, की आमच्याकडे आणि आम्हाला माल व माणसे पुरवणाऱ्यांकडे गुलामी नसावी म्हणून आम्ही काय केले. "आम्ही काहीच केले नाही," असे लिहिले तरी कायदा भागतो. ही त्यातली उणीव आहे. पण चार लोकांत तसे लिहायला कंपनीला लाज वाटते, हाही एक धाकच.

मग कचरा उचलणाऱ्या कंपनीने करायचे काय? मजुराला बाजूला घेऊन त्याच्याच भाषेत विचारायचे. मुकादमासमोर विचारायचे नाही. पुष्कळ मजुरांचा पत्ता एकच आहे का, फोन नंबर एकच आहे का, ते पाहायचे. पैसे ज्याचे त्याच्याच हाती पडतात ना, याची खात्री करायची. मजुराचे कागद मजुराकडेच राहू द्यायचे. काम मिळवून देण्यासाठी कोणी मजुराकडून पैसे उकळले असतील, तर ते परत करवायचे.

आणि एवढ्यावर थांबायचे नाही. कचरा उचलणाऱ्याच्या हातात रबरी मोजे असतात. ते कोणी केले? मलेशिया देशात असे मोजे फार होतात. तिथल्या कारखान्यांत नेपाळ आणि बांगलादेशातून गेलेले मजूर आहेत. नोकरीसाठी दलालाला पैसे भरून, कर्ज काढून पुष्कळ जण जातात. तिथल्या एका मोठ्या कंपनीचे मोजे अमेरिकेने 2020 साली अडवले. मग त्या कंपनीने मजुरांनी दलालांना दिलेले पैसे भरून दिले, आणि 2021 साली बंदी उठली. गिऱ्हाइकाने विचारले तर मालकाला सुधारावे लागते, ते असे.

आता आपल्या देशाकडे वळू. दिल्लीला 1982 साली आशियाई खेळ झाले. त्यासाठी मोठी बांधकामे निघाली. मजुरी दिवसाला 9 रुपये 25 पैसे. कंत्राटदार ती जमादाराच्या हाती देई. जमादार आपला एक रुपया कापून घेई. मजुराला उरत 8 रुपये 25 पैसे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालय म्हणाले, किमान मजुरीहून कमी पैशात राबवणे ही वेठच. आपल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने वेठ बंद केली आहे. आणि "ते कंत्राटदाराने केले, आमचा संबंध नाही," असे काम देणाऱ्या सरकारलाही म्हणता येणार नाही.

वेठबिगारीविरुद्धचा आपला कायदा 1976 सालचा आहे. नुसती उचल घेणे हा गुन्हा नव्हे. पण उचलीपोटी नाममात्र मजुरीवर राबवणे, दुसरीकडे कामाला जाऊ न देणे, हा मालकाचा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि नीट ध्यानात ठेवा, असे कर्ज कायद्याने रद्द होते. ते फेडायचे राहत नाही.

समजा, तुमच्या गावात मुकादम आला. म्हणाला, "शहरात कचऱ्याच्या गाडीवर काम आहे. ही घ्या उचल, इथे अंगठा करा." तर घाई करू नका. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. कागद वाचा. काम कोणाचे आहे, रोज किती, पैसे कोणत्या दिवशी मिळणार, हे त्यात आहे का पाहा. मग सही करा. एक प्रत मागून घ्या. आधार कार्ड, पासबुक, बँकेचे कार्ड कोणाच्या हवाली करू नका. घरी पत्ता सांगून जा.

आणि कोणी अडकलाच, तर त्याच्या घरच्यांनी गप्प बसू नये. तहसीलदार, जिल्हाधिकारी किंवा पोलीस, कोणाकडेही अर्ज देता येतो. 15100 या नंबरावर फोन केला तर फुकट कायदेशीर सल्ला मिळतो. सुटून आलेल्या वेठबिगाराला तातडीची मदत म्हणून 30,000 रुपयांपर्यंत रक्कम देण्याची सरकारी योजना आहे.

घाम आपला, तर मजुरीही आपल्याच हातात पडली पाहिजे. पहिल्या आठवड्यालाच ती मोजून घ्या.