बिनचालकाचा ट्रक आणि कापडाच्या गाठी

भिवंडीत भरलेली कापडाची गाठ आंबागडला आमच्या दुकानी उतरेपर्यंत सुमारे आठशे किलोमीटर चालते. गिऱ्हाईक कापडाचा भाव विचारते. त्यात दडलेले भाडे त्यास दिसत नाही. त्यामुळे चालकाविना धावणाऱ्या ट्रकच्या बातम्या आम्ही व्यापाऱ्याच्या नजरेनेच वाचतो.

ही गोष्ट आता निव्वळ कल्पनेची राहिलेली नाही. अमेरिकेतील टेक्सास राज्यात डॅलस ते ह्यूस्टन मार्गावर ऑरोरा कंपनीने 2025 मध्ये असे ट्रक भाड्याने चालविण्यास आरंभ केला. कॅमेरे, रडार आणि लेसर किरणांनी अंतर मोजणारे यंत्र रस्ता पाहतात, संगणक स्टिअरिंग व ब्रेक सांभाळतो. मात्र काही आठवड्यांतच, ट्रक बनविणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून, केबिनमध्ये पुन्हा माणूस बसवावा लागला.

फायदा आहे तो वेळेचा. आपल्याकडे कायद्याप्रमाणे चालकाचे काम दिवसाला 8 तासांचे. (रस्त्यावर हा कायदा कितपत पाळला जातो, हे सर्वांस ठाऊक आहे.) यंत्रास झोप नाही. जून 2025 मध्ये पूर्ण खुला झालेला समृद्धी महामार्ग नागपूरहून 701 किलोमीटरवर भिवंडी तालुक्यातील आमणे येथे संपतो. तेथे दुचाकी नाही, बैलगाडी नाही. मालट्रकला ताशी 80 ची मर्यादा धरली तरी न थांबणारी गाडी नऊ तासांत पोहोचेल. यंत्राला मानवणारा रस्ता तो हाच.

नागपूरपुढे मामला वेगळा. धानाच्या हंगामात तुमसरकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, गुरे, सायकली सारे एकत्र. परंतु आमच्यासारख्या दहा-वीस गाठींच्या व्यापाऱ्याचा माल आजही नागपूरच्या गोदामात उतरतो आणि छोट्या गाडीने येतो. म्हणजे छोट्या गाडीच्या चालकाची रोजी टिकेल. गंडांतर येईल ते लांब पल्ल्याच्या चालकावर. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांची चूल त्याच कमाईवर पेटते. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी 2023 मध्ये नागपुरात, सत्तर-ऐंशी लाख चालकांच्या रोजगाराचा हवाला देऊन, बिनचालकाच्या मोटारी देशात येऊ देणार नाही असे सांगितले ते यासाठीच.

आणि चालक केवळ गाडी हाकत नाही. एकदा अवकाळी पावसात ताडपत्री सुटली, तेव्हा चालकाने मध्यरात्री वर चढून ती बांधली. आमच्या गाठी कोरड्या आल्या. यंत्र हे करणार नाही. मग भिजलेल्या मालाचे पैसे कोण देणार? 2007 च्या रस्ते मालवाहतूक कायद्यानुसार जबाबदारी वाहतूकदाराची, मग गाडी कोणीही चालवो. परंतु जादा जोखमीचा करार नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. दोन हजार भाडे दिले असेल, तर लाखाच्या कापडाचे वीस हजार! तेव्हा माल देतेवेळी त्याची खरी किंमत कागदावर लिहून घ्यावी, आणि जादा जोखमीचा दर काय पडतो तेही आधीच विचारावे. ट्रक आज चालकाचा असला तरीही.