हाताला ऊब, बोटांना मोकळीक
घरी विणता येतील अशा वेणीच्या बाह्या



काही वर्षांपूर्वी सोयगाव तालुक्यातल्या एका गावात कापूस वेचणीवर बैठक होती. मी नेहमीप्रमाणे सांगत होते. कापूस दव उतरल्यावर वेचा, काडीकचरा येऊ देऊ नका, कवडी वेगळी ठेवा. पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी सगळे ऐकून घेतले आणि आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले. मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडेच ओरखडे. बोटांच्या पेरांना भेगा. त्या म्हणाल्या, "ताई, कापूस साफ पाहिजे हे समजलं. पण या हातांचं काय ते नाही सांगितलं तुम्ही."

मला उत्तर सुचले नाही. बियाणे, खत, फवारणीपंप, मोटार यांवर मी तासन् तास बोलत आले. पण ज्या हातांनी हे सगळे चालते त्या हातांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आजचा लेख त्या आजींना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

आपली थंडी आणि आपली कामे

सोयगाव अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. दिवसा ऊन चांगले तापते, पण पौषातल्या काही पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास येतो. त्याच पहाटे शेण काढायचे असते, गवत-कडबा आणायचा असतो, गार पाण्यात हात घालायचे असतात. जिथे अजून शेतीच्या विजेची रात्रीची पाळी येते, तिथे गहू-हरभऱ्याला पाणी देताना घरधनी अर्ध्या रात्री ओल्यात उभा असतो.

अंगावर स्वेटर असतो, डोक्याला रुमाल असतो. हात मात्र उघडे. पूर्ण हातमोजे घातले तर बोटे जखडतात, मग ना विळा नीट धरता येतो ना दावणीची गाठ सुटते. म्हणून आपल्या बायका स्वतःच तोड काढतात. घरच्या माणसाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा लुगड्यावर चढवतात, नाहीतर जुन्या पायमोज्याचे टोक कापून तो हातात घालतात. कल्पना अगदी बरोबर आहे. फक्त कापलेला मोजा उसवत जातो आणि मनगटावर ढिला पडतो. तीच वस्तू मापाने विणली तर दोन-तीन हिवाळे जाते.

वेणीच का?

बोटांच्या मुळापासून हाताच्या मध्यापर्यंत येणारी, अंगठ्याला भोक असलेली ही बाही साध्या विणीनेही होते. पण वेणी घातली की दोन फायदे मिळतात. टाके एकमेकांवरून ओलांडल्यामुळे तिथे कापड दुपदरी होते आणि जास्त हवा धरून ठेवते. ऊब असते ती या अडकलेल्या हवेची. दुसरे असे की वेणी कापडाला आत ओढते, त्यामुळे बाही हाताला धरून बसते, खाली घसरत नाही.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत आरान नावाची बेटे आहेत. तिथले वेणीचे स्वेटर जगभर नावाजलेले आहेत. घराघराची वेणी वेगळी आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तिच्यावरून पटे, असे सांगतात, पण ती दंतकथाच आहे. खरे एवढेच की थंडी-वाऱ्यात राबणाऱ्या माणसांच्या घरी ही वीण वाढली. आपल्याकडे १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी घराघरांतून जवानांसाठी स्वेटर विणले गेले. माझ्या आईने सुया प्रथम हातात धरल्या त्या तेव्हाच.

लोकर घेताना

आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी उत्तम होते, पण उघड्या मनगटाला ती टोचते. म्हणून बाजारातला चार पदरी लोकरीचा गुंडा घ्यावा. शंभर ग्रॅममध्ये मोठ्या माणसाची एक जोडी होऊन थोडी लोकर उरते.

बाजारात "लोकर" म्हणून मिळते त्यातली पुष्कळशी खरी लोकर नसते, अॅक्रिलिकचा धागा असतो. तो स्वस्त आहे, धुवायला सोपा आहे, उबही देतो. पण विस्तवाजवळ तो वितळतो आणि कातडीला चिकटतो. ओळखायचे असेल तर वीतभर तुकडा चिमट्यात धरून अंगणात, मुलांपासून दूर जाळून बघा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिकची वितळून कडक गोळी होते. अॅक्रिलिकच्या बाह्या घालून चुलीपुढे बसू नका. भाकरी थापायच्या आधी त्या खुंटीला लावा.

सुया दोन जोड लागतील, दहा नंबरी आणि नऊ नंबरी. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे लक्षात ठेवा. वेणीसाठी दोन्ही टोके मोकळी असलेली एक लहान सुई हवी. ती नसेल तर बांबूची गुळगुळीत घासलेली काडी चालते.

विणायची रीत

आधी चार बोटे रुंद नमुना विणून बघा. नऊ नंबरी सुईवर साध्या विणीचे दहा सेंटीमीटरला साधारण २४ टाके यावेत. कमी आले तर वीण सैल आहे, बारीक सुई घ्या. जास्त आले तर जाड सुई घ्या. हा नमुना टाळला तर पुढे सगळी बाही उसवावी लागते.

उजवी बाही: दहा नंबरी सुईवर ४४ टाके घाला. २ सुलट, २ उलट अशा १२ सुया विणा. प्रत्येक सुई २ सुलटनेच सुरू होते. हा झाला हातावरचा काठ. आता नऊ नंबरी सुया घ्या.

१ली सुई: २८ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, ६ सुलट.
२री सुई: ६ उलट, २ सुलट, ६ उलट, २ सुलट, २८ उलट.
३री सुई पहिलीसारखी, ४थी दुसरीसारखी.
५वी सुई वेणीची: २८ सुलट, २ उलट. आता पुढचे ३ टाके न विणता लहान सुईवर घ्या आणि ती सुई आपल्या बाजूला, कापडाच्या पुढे सोडा. मूळ सुईवरचे पुढचे ३ टाके सुलट विणा. मग लहान सुईवरचे ३ टाके सुलट विणा. वेणीचा एक पेड पडला. पुढे २ उलट, ६ सुलट.
६वी सुई दुसरीसारखी.

या सहा सुया दहा वेळा करा, म्हणजे ६० सुया होतील आणि दहा पेड पडतील. पुन्हा दहा नंबरी सुया घेऊन २ सुलट, २ उलटच्या १२ सुया विणा आणि टाके सैलसर बंद करा. आवळून बंद केले तर पंजा आत जाणार नाही. बाही साधारण २६ सेंटीमीटर लांब होते.

डावी बाही: सगळे तसेच, पण उलट क्रमाने. १ली सुई ६ सुलट, २ उलट, ६ सुलट, २ उलट, २८ सुलट. २री सुई २८ उलट, २ सुलट, ६ उलट, २ सुलट, ६ उलट. वेणी घालताना लहान सुई पुढे न सोडता मागे सोडा. मग दोन्ही हातांच्या वेण्या समोरासमोर वळतात आणि पंजाच्या पाठीवर बसतात.

शिवण: उभ्या कडा जोडून शिवा. शिवण अंगठ्याच्या बाजूला येते. पंजाकडच्या टोकापासून ४ सेंटीमीटर शिवा, पुढचे साडेचार सेंटीमीटर अंगठ्यासाठी उघडे सोडा, बाकी सगळे शिवा. उघड्या जागेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन टाके जास्त घाला, ताण तिथेच पडतो.

हात भरदार असेल तर ४८ टाके घ्या आणि वाढलेले ४ टाके २८ च्या बाजूला धरा, म्हणजे तिथे ३२ होतील. नवशिकीला एक जोडी पाच-सहा संध्याकाळी लागतील. पेड चुकला तर घाबरू नका. तिथपर्यंत उसवा आणि टाके पुन्हा सुईवर घ्या. सूत वाया जात नाही.

वेचणीसाठी वेगळी जोडी

ही गोष्ट मी कृषी खात्याची माणूस म्हणून सांगते आहे. लोकरीच्या, त्यातून रंगीत लोकरीच्या बाह्या घालून कापूस वेचू नका. बोंडाच्या वाळलेल्या टोकांना लोकर अडकते, तिचे तंतू ओटीतल्या कापसात मिसळतात. जिनिंगमध्ये सरकी निघते, पण हे तंतू निघत नाहीत. ते सुतात जातात, आणि कापड रंगवले की तिथे डाग दिसतो. गोणीची सुतळी, केस, प्लॅस्टिकचे धागे यांच्याबद्दल आम्ही ओरडतो त्याचे कारण हेच.

वेचणीसाठी पांढऱ्या सुती धाग्याची जोडी विणा. सूत लोकरीसारखे ताणत नाही आणि लवकर सैल पडते, म्हणून ४० टाके घ्या. २८ च्या जागी २४ येतील, बाकी सगळे तेच. दव उतरल्यावर वेचायचे असल्याने इथे उबेचा प्रश्न नाही, ओरखड्यांचा आहे. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. मनगट सोलवटले की हात आखडतो, आणि आखडलेल्या हाताने ओटी भरायला वेळ लागतो.

चार ठिकाणी बाही काढायचीच

पहिले, कडबा कुट्टी आणि मळणी यंत्रापाशी. फिरत्या यंत्रात धागा अडकला तर तो तुटायची वाट बघत नाही, हात आत ओढतो. दुसरे, मोटारीच्या स्टार्टरपाशी. रात्री पाणी देताना बाही भिजलेली असते. ओल्या बाहीने आणि ओल्या हाताने स्टार्टरला शिवू नका. तिसरे, फवारणी करताना. लोकर आणि सूत औषध शोषून घेतात आणि ते कातडीला लागून राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरता कामा नये. फवारणीला रबरी हातमोजेच हवेत. चौथे, धार काढताना. कासेला स्वच्छ धुतलेला उघडा हातच लागावा.

धुताना कोमट पाणी आणि थोडा साबण वापरा. पिळू नका. टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगली तर बाही लांबते.

कोणी विणायच्या?

हे काम बाईचेच असे मानू नका. युरोपात एकेकाळी सुयांवर विणणाऱ्या पुरुषांचे संघ होते. आपल्याकडे मेंढ्यांमागे चालता चालता चातीवर लोकर कातणारे धनगर बांधव कोणी पाहिले नाहीत? शाळेतली मुलेही हे शिकू शकतात, टाके मोजताना त्यांचे पाढे पक्के होतात. ज्या आजीला आता शेतात जाववत नाही, तिच्या हाती सुया द्या. घरातल्या प्रत्येकाच्या मनगटाचे माप तिला पाठ असते.

लगेच विकायचा विचार करू नका. आधी घरच्यांसाठी विणा आणि एक हिवाळा वापरून बघा. कुठे सैल पडते, कुठे काचते, ते कळू द्या. मग गटातल्या बायकांनी मिळून पुढचे ठरवावे.

त्या आजींकडे मी पुढच्या हिवाळ्यात सुती जोडी घेऊन गेले. त्यांनी हातात घालून बोटे उघडमीट करून पाहिली आणि विचारले, "अंगठ्याचं भोक एवढं मोठं कशाला ठेवलं?" माझे माप चुकले होते. सहा सेंटीमीटर सोडले होते, म्हणून वर तुम्हाला साडेचार सांगितले. दसऱ्याच्या सुमारास सुया हातात घ्या, म्हणजे थंडी पडेपर्यंत घरात दोन-तीन जोड्या तयार असतील.