डोंग्यातला प्रवास

आंभोऱ्याला वैनगंगेवर आता मोठा पूल उभा आहे. आमचे लग्न २००५ चे. सासुरवाडी पलीकडे, भंडारा जिल्ह्यात. कुहीकडून जायचे तर डोंगा. त्यात माणसे, दुधाचे कॅन, सायकली, कधी एखादी बकरीसुद्धा! तळाशी पाणी झिरपायचे, ते एक पोरगा तेलाच्या डब्याने उपसत राही. आमच्या मंडळींची नवी चप्पल त्या पाण्यात वाहून गेली, तिचे अजून बोलून दाखवतात. नावाडी ढिवर समाजाचा, नदीची नस ओळखणारा. पुढे गोसीखुर्द धरणाचे पाणी साठले. १९८८ साली पायाभरणी झालेले हे धरण. त्याने नदीचा तलाव केला आणि बांबू तळाला टेकेना.

हसण्यासारखे एवढेच. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या मजूर बाया मिरची तोडायला याच वैनगंगेतून पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. डोंगा उलटला, सहा जणी गेल्या. त्याआधी १४ सप्टेंबर २०२१ ला वर्धा नदीत झुंजजवळ नात्यागोत्यातले अकरा जण एकाच नावेतून बुडाले.

रोजी बुडेल म्हणून बाया दाटीने बसतात, हे आपण जाणतो. ग्रामसभेत घाटासाठी लाइफ जॅकेट मागून घ्या, ठराव लेखी करा. नावाडी 'एक माणूस जास्त झाला' म्हणाला की माझी सासू मुकाट्याने उतरायची आणि पुढच्या खेपेपर्यंत काठावर बसून भाजी निवडायची.