काडतुसातला प्रायमर: तुरीच्या दाण्याएवढा भाग नीट बसला नाही तर काय होतं?

दिवाळीत टिकल्यांची बंदूक कधी वाजवली नाही, असं मूल बाभुळगावात शोधूनही सापडणार नाही. बंदूक नसेल तर टिकली फरशीवर ठेवायची आणि दगडाने ठोकायची. ठोका नीट बसला की 'फट्' आवाज, तिरका बसला की नुसता धूर, नाहीतर काहीच नाही.

खऱ्या काडतुसाच्या बुडाशीही अशीच एक 'टिकली' असते. तिला प्रायमर म्हणतात. ती किती खोल बसवली आहे, यावर गोळी वेळेवर सुटणार, सुटणारच नाही की नको तेव्हा सुटणार, हे ठरतं. हे नेमकं कसं घडतं, ते समजून घेऊया.

प्रायमर म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळेची पुंगळी, आतली दारू, पुढची गोळी आणि बुडाशी प्रायमर. चाप ओढल्यावर बंदुकीतली पिन प्रायमरवर आदळते. प्रायमरमधून ठिणगी निघते, ती बारीक भोकातून दारूपर्यंत जाते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी बाहेर पडते. म्हणजे बंदूक फक्त ठोका देते, आग प्रायमर लावतो.

प्रायमर ही धातूची छोटी वाटी असते. तिचा व्यास साधारण ४.४ किंवा ५.३ मिलिमीटर, म्हणजे तुरीच्या दाण्याएवढा. वाटीत ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचा पातळ थर असतो आणि त्यावर एक चिमुकली ऐरण. पिन आणि ऐरण यांच्यामध्ये रसायन चेचलं जातं आणि पेट घेतं.

जुन्या ठासणीच्या बंदुकीत हे काम बाहेरून बसवलेली टोपी करायची. ठोक्याने दारू पेटवण्याच्या पद्धतीचं पेटंट स्कॉटलंडमधले धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ मध्ये घेतलं. पुढे १८६० च्या दशकात इंग्लंडचे एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेचे हायरम बर्डन यांनी ही टोपी काडतुसाच्या बुडातच बसवण्याच्या दोन पद्धती काढल्या. गंमत अशी, की इंग्रज अधिकाऱ्याची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकी माणसाची युरोपात.

सगळ्याच काडतुसांत तो वेगळा असतो का?

नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. या प्रकारात पॉइंट २२ बोअरचं काडतूस वापरतात. त्यात वेगळा प्रायमर नसतो. ठोक्याने पेटणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेतच भरलेलं असतं. पिन लागून ती कड एकदा चेपली, की पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही.

मोठ्या रायफली आणि बऱ्याच पिस्तुलांच्या काडतुसांत मात्र प्रायमर बुडाच्या मधोमध, वेगळा बसवलेला असतो. तो काढून नवा बसवता येतो. अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज अशा पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात.

किती खोल बसवायचा?

पुंगळीच्या बुडाला हात लावला, तर प्रायमर पृष्ठभागापेक्षा किंचित आत लागला पाहिजे. 'किंचित' म्हणजे साधारण ०.०८ ते ०.१३ मिलिमीटर, जाड कागदाच्या जाडीएवढं. ऐरणीचे पाय खोबणीच्या तळाला टेकले की प्रायमर जागेवर बसला.

तो वर राहिला तर? दोन धोके असतात. पहिला, पिनेच्या ठोक्याचा जोर प्रायमरला खाली ढकलण्यातच खर्ची पडतो आणि काडतूस वाजतच नाही किंवा थोडं थांबून वाजतं. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. आपोआप काडतूस भरणाऱ्या बंदुकीत धातूचा खटका स्प्रिंगच्या जोराने पुढे येतो. तो वर आलेल्या प्रायमरवर आदळला, तर चाप न ओढताच, नळी पूर्ण बंद होण्याआधी काडतूस फुटू शकतं.

जास्त दाबला तर? आतल्या रसायनाच्या थराला तडे जातात. मग ठिणगी दर वेळी सारखी पडत नाही.

म्हणूनच नेम न वाजल्यास बंदूक लगेच उघडायची नाही, असा नियम नेमबाजांना शिकवतात. नळी सुरक्षित दिशेला ठेवून किमान ३० सेकंद थांबायचं असतं.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर अडचण कुठे येते?

या यंत्रात एका फिरत्या तबकडीवर पाच-सहा पुंगळ्या असतात. दांडा एकदा ओढला की एका पुंगळीतून जुना प्रायमर निघतो, दुसरीत दारू पडते, तिसरीवर गोळी बसते. दांडा मागे ढकलला की नवा प्रायमर बसतो. वेग भरपूर, पण हाताला सगळी कामं एकदम जाणवतात. त्यात प्रायमर अडला आहे की नीट बसला आहे, हे ओळखणं कठीण जातं.

त्यामुळे अनुभवी लोक काही गोष्टी पाळतात. यंत्र न हलणाऱ्या टेबलाला घट्ट बसवतात. खोबणीतली काजळी काढतात. लष्करी पुंगळीत प्रायमरभोवतीची कड दाबलेली असते, ती आधी मोकळी करतात. दांडा दर वेळी शेवटपर्यंत, सारख्याच जोराने नेतात. तयार काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवून प्रायमर वर तर नाही ना, हे पाहतात.

सगळ्यात महत्त्वाचं, अडलं तर जोर लावत नाहीत. यंत्राच्या नळीत शंभरेक प्रायमर एकावर एक रचलेले असतात. एक फुटला तर बाकीचे पाठोपाठ फुटू शकतात. म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा लागतो आणि प्रायमर मूळ डब्यातच ठेवायचे असतात, बरणीत ओतायचे नसतात. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाची संयुगं असतात, त्यामुळे काम झाल्यावर हात धुणंही गरजेचं.

आपल्याकडे हे काम कोण करतं?

महाराष्ट्रात खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे, तर जळगाव जिल्ह्यातला वरणगावचा कारखाना १९६४ पासून. वरणगावात रायफल आणि पिस्तुलाची काडतुसं बनतात. ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत.

घरी काडतूस भरता येतं का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही 'दारूगोळा' मानली आहेत. पीक राखण्यासाठी बंदुकीचा परवाना असला, तरी त्याने काडतूस बनवायची मुभा मिळत नाही. त्यासाठी वेगळा परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्र किंवा दारूगोळा बनवल्यास किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेपेची शिक्षा आहे.

जुनं काडतूस सापडलं तर?

बाभुळगावहून वर्धा नदी ओलांडली की पुलगाव फार दूर नाही. तिथे लष्कराचं मोठं दारूगोळा भांडार आहे. २० नोव्हेंबर २०१८ रोजी तिथे जुनी स्फोटकं निकामी करण्याच्या कामात स्फोट होऊन ६ जणांचा जीव गेला. ती स्फोटकं काडतुसांपेक्षा कितीतरी मोठी होती. पण जुना झाला म्हणून दारूगोळा आपोआप निरुपद्रवी होत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

काडतुसाच्या बुडावर पिनेचा खड्डा दिसला आणि पुढे गोळी तशीच असली, तर त्याचा अर्थ ठोका बसूनही ते वाजलेलं नाही. प्रायमर आत जिवंत असू शकतो. ते ठोकू नका, पितळेसाठी फोडू नका, चुलीत टाकू नका, खिशात घालून ठाण्यात नेऊही नका. मुलांना लांब ठेवा, जागा लक्षात ठेवा आणि ११२ वर फोन करा.

टिकली फरशीवर ठोकायचा खेळ टिकलीपुरताच ठीक आहे.