पान का कुजते?

आमच्या गॅलरीत आजोबांनी लावलेली सॅन्सेव्हिएरियाची, म्हणजे नर्सरीवाल्यांच्या 'स्नेक प्लांट'ची, एकच कुंडी आहे, पिवळ्या काठाची. गेल्या जुलैत तिचे एक पान मोडले. टाकवेना, म्हणून त्याचे चार तुकडे केले, शेणखत घातलेल्या मातीत लगेच खोचले आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातले. आठवड्याभरात बुडखे तपकिरी झाले आणि हात लावताच बुळबुळीत तुकडा मातीतून निघून आला. वासाचे विचारूच नका! आजीने दोष पावसाला दिला. खरा दोष माझ्या झारीचा होता.

कापलेल्या पानाला मुळे नसतात. ती फुटेपर्यंत ते आपल्या गरातल्या साठ्यावर जगते. अशा वेळी ओतलेले पाणी मातीच्या कणांमधली हवा हुसकावून लावते. हवेवाचून पेशी गुदमरतात आणि ओल्या मातीत वाढणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीसदृश जीवांना व जीवाणूंना उघड्या जखमेतून आयती वाट मिळते.

काप कोरडा राहिला, तर तेथील पेशींत सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य साठते (बुचाच्या सालीत असते तेच) आणि जखमेवर खपली धरते. म्हणून स्वच्छ, धारदार पात्याने दोन-तीन इंचांचे तुकडे करावेत (माझी पहिली सुरी कांद्याची होती!) आणि सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन दिवस पसरून ठेवावेत, पावसाळ्यात आठवडाही लागतो. मग ते भरड वाळूत खोचावेत. शेणखत मुळे फुटल्यावर. पानाचे बुडाकडचे टोक खालीच हवे; उलटा तुकडा मुळे धरत नाही. खूण म्हणून मी खालचा काप तिरका देतो. पाणी, बोटभर खोल वाळू कोरडी झाल्यावरच. कुंडीला भोक हवे आणि खालच्या बशीत पाणी साचू देऊ नये.

हा नियम सरसकट लावू नये. रेक्स बिगोनिया किंवा आफ्रिकन व्हायोलेटचे पान दोन दिवस वाळवले तर कोमेजेलच. त्यांना दमट हवा लागते, चिखल नको. कुंडीवर प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि रोज थोडा वेळ काढावी. व्हायोलेटचा देठ इंचभरच पुरावा. पाते मातीला टेकू देऊ नये. पानफुटीला यातले काहीच लागत नाही, तिचे भिंतीला टाचलेले पानही पिले धरते.

ऑक्टोबरात मी पुन्हा तीन तुकडे लावले. एक कुजला. उरलेल्यांनी डिसेंबर संपला तरी काही दाखवले नाही. आजी रोज विचारी, "मेलं का रे ते?" जानेवारीच्या अखेरीस वाळू सारून एक कोंब वर आला. साधा हिरवा! पिवळ्या काठाच्या पानातून असेच होते. नवा कोंब आतल्या हिरव्या पेशींतून उगवतो. तो काठ हवा असेल तर जुने रोपच मुळांसकट फोडून लावावे लागते. आजोबांची कुंडी फोडायला आजी अजून तयार नाही.