लहान गावचे ग्रंथालय : उभारावे कसे, टिकवावे कसे

आपल्या वस्त्यांमधून १४ एप्रिलला वाचनालयाचे उद्‌घाटन होणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. त्रिशरण-पंचशील होते, फीत कापली जाते, पाहुणे ग्रंथांचे महत्त्व सांगतात, दोन लोखंडी कपाटे पुस्तकांनी भरतात. पुढच्या जयंतीला त्याच कपाटांना कुलूप असते आणि किल्ली कोणाजवळ आहे हे कोणालाच सांगता येत नाही. हे मी दुसऱ्यांविषयी बोलत नाही. आमच्या वस्तीत असे एकदा घडले आहे व तेव्हाच्या कार्यकारिणीत मीही होतो. कपाट उघडले तेव्हा खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके वाळवीने पोखरलेली होती. ज्या आयाबहिणींनी रोजंदारीतून दहा-दहा रुपये वर्गणी दिली होती, त्यांना काय सांगावे हे आम्हाला सुचेना. आता सभांमधून पुन्हा ग्रंथालयाचा विषय निघत आहे, म्हणून सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे चार गोष्टी मांडतो.

परमपूज्य बाबासाहेबांचे ग्रंथप्रेम आपणा सर्वांना ठाऊक आहे. दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथांसाठी प्रशस्त जागा राखली, हेही आपण भाषणांतून ऐकतो. परंतु ज्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याच महाराजांनी १९१० पासून आपल्या बडोदे संस्थानात गावोगाव मोफत ग्रंथालये उभी केली, हे फारसे सांगितले जात नाही. त्यासाठी त्यांनी विल्यम बोर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणले. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळे विभाग ठेवले. जिथे ग्रंथालय नव्हते तिथे पुस्तके लाकडी पेट्यांतून पाठविली जात. यातली आपल्या कामाची बाब म्हणजे खर्चाची वाटणी. गावाने एक हिस्सा जमवावा, तेवढाच हिस्सा स्थानिक बोर्डाने घालावा आणि तेवढाच संस्थानने. गावकऱ्यांचा पैसा आधी पडत असल्यामुळे ग्रंथालय हे सरकारचे नसून आपले आहे, असे गावाला वाटे. आपल्याकडे करवीर संस्थानने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला. भारतातील तो पहिला मानला जातो. पुढे महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला. त्यानुसार मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात व वर्गाप्रमाणे शासनाचे अनुदान मिळते. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर आहे, तसा आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे अनुदान हा आधार आहे, पाया नव्हे. ते हप्त्याने येते आणि हप्ता लांबला तर वर्तमानपत्रवाल्याचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न पहिल्या दिवशीच सोडवून ठेवावा लागतो.

आता इमारतीविषयी. आपल्याकडे सर्वसाधारण प्रघात असा की विहारावर एक मजला चढवायचा आणि तिथे ग्रंथालय थाटायचे. हे करण्यापूर्वी अभियंत्याला विचारावे. राहत्या घराची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून बांधतात. ग्रंथांच्या मांडण्या असलेल्या खोलीसाठी तोच भार ६०० किलो धरावा लागतो. जुन्या स्लॅबवर पुस्तकांच्या रांगा उभ्या करणे म्हणजे खाली वंदनेला बसलेल्या माणसांच्या डोक्यावर धोका टांगणे होय. पुस्तके तळमजल्यावरच ठेवावीत. वृद्धांना व अपंगांनाही तेच सोयीचे.

जागा किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. एक मीटर फळीवर सरासरी तीसेक पुस्तके बसतात. तीन फूट रुंद व सहा फळ्यांच्या मांडणीत दीडशेच्या वर पुस्तके मावतात. म्हणजे तीन हजार पुस्तकांना वीस मांडण्या पुरतात. बसणाऱ्या प्रत्येक वाचकास टेबलासह व जाण्यायेण्याच्या वाटेसह पंचवीस चौरस फूट धरावेत. चाळीस वाचकांना हजार चौरस फूट झाले. लहान गावाला सुरुवातीस याहून मोठे काही नको. मोठी वास्तू बांधून रंगाला पैसे नाहीत, अशी स्थिती मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम पसरावी, म्हणजे खिडक्या उत्तरेस व दक्षिणेस येतात. उत्तरेचा उजेड दिवसभर सौम्य असतो. दक्षिणेच्या खिडक्यांवर चांगला रुंद छज्जा असला की वरून येणारे दुपारचे ऊन अडते. पश्चिमेचे ऊन मात्र आडवे येते, त्याला छज्जा पुरत नाही. म्हणून त्या बाजूला भिंतच ठेवावी आणि बाहेर कडुनिंब लावावा. मांडण्या खिडक्यांना काटकोनात उभ्या कराव्यात, म्हणजे प्रत्येक दोन रांगांच्या मधल्या वाटेत उजेड पोहोचतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सपाट स्लॅब तव्यासारखा तापतो. त्यावर दरवर्षी चैत्रात पांढरा चुना मारला तर खालच्या खोलीत फरक कळतो. खर्च थोडा आहे, पण तो दरवर्षी करावा लागतो आणि तिथेच आपण कमी पडतो.

पुस्तकांचे खरे वैरी ओल आणि वाळवी. सर्वात खालची फळी जमिनीपासून सहा इंच वर असावी, मांडणी भिंतीपासून तीन बोटे दूर असावी आणि बाहेरच्या भिंतीला तर ती टेकवूच नये. आमची चूक हीच झाली होती: कपाट नेमके मोरीमागच्या भिंतीला टेकवलेले होते. काचेची बंद कपाटे दिसायला छान. पण पावसाळ्यात त्यांच्या आत हवा कोंडते व बुरशी धरते. उघडी मांडणी बरी. पुस्तक हाताळले जाते, झटकले जाते, म्हणूनच ते टिकते.

विजेचा खर्च आता आटोक्यात आणता येतो. नव्या जातीचे दहा पंखे प्रत्येकी सुमारे ३० वॅटचे व वीस एलईडी नळ्या प्रत्येकी २० वॅटच्या धरल्या तर एकूण ७०० वॅट होतात. रोज सहा तास चालवल्यास चार युनिटांच्या आसपास वीज लागते. छतावरील एक किलोवॅटचे सौर संच दिवसाला सरासरी तितकीच वीज देते आणि शंभर चौरस फुटांत बसते. पावसाळ्यात ती कमी पडते, शिवाय आपले वाचक संध्याकाळचे. तेव्हा वीज मंडळाची जोडणी राहू द्यावीच.

इमारतीवर एवढे लिहिले तरी माझे स्पष्ट मत असे आहे की पहिला रुपया इमारतीवर खर्च करू नये, ग्रंथपालावर करावा. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत ग्रंथ उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा असे सांगितले आहे. कुलूप उघडायला ठरल्या वेळी माणूस आला नाही तर यांतील एकही सूत्र पाळता येत नाही. सेवाभावी कार्यकर्ता सहा महिने येतो; मग त्याला नोकरी लागते, लग्न होते, त्याचा दोष नाही. ग्रंथालय संघाचे प्रशिक्षण घेतलेल्या, गावातल्याच एखाद्या मुलीला किंवा मुलाला नियमित मानधन द्यावे. हा पैसा कुठून? उदाहरणादाखल: दोनशे घरांनी महिना वीस रुपये दिले तर वर्षाचे ४८ हजार होतात. पाच लाखांचा कायम निधी बँकेत ठेवला व सात टक्के व्याज धरले तर आणखी ३५ हजार. हे भरपूर नाही, पण दरवाजा उघडा ठेवण्याइतके आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, हे घटनेतच लिहून ठेवावे. जयंतीचा मंडप मोठा करण्यासाठी हा निधी मोडण्याचा ठराव कोणीतरी आणणारच.

पुस्तके कोणती घ्यावीत? शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे लेखन व भाषणांचे खंड, मराठी विश्वकोश आणि पाली साहित्याचे अनुवाद हवेतच. ड्युईच्या दशांश पद्धतीत बौद्ध धम्माला २९४.३ हा क्रमांक आहे. परंतु सगळे ग्रंथालय त्या एका क्रमांकाचे होऊ नये. परिचारिकेच्या अभ्यासाची पुस्तके, शेतीची, कायद्याची माहिती, लहान मुलांच्या गोष्टी, कादंबऱ्या, सारे असावे. हे सार्वजनिक ग्रंथालय आहे, तेव्हा गावातील प्रत्येक समाजाच्या माणसाला दार उघडे हवे. ज्यांना एके काळी शाळेच्या दाराबाहेर बसविले गेले, त्यांनी चालविलेल्या ग्रंथालयात कोणालाही उंबऱ्यावर थबकावे लागू नये. म्हणून दार वस्तीच्या आत न ठेवता रस्त्याकडे ठेवावे, अशी माझी सूचना आहे. काही सभासदांना ती पटलेली नाही. चर्चा चालू आहे.

आणखी एक नाजूक बाब विद्यार्थ्यांसाठी. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी सकाळी सातला येऊन जागा धरतात ती रात्रीपर्यंत. त्यांची गरज खरी आहे. घरी एका खोलीत सहा माणसे असतात. परंतु सगळी टेबले त्यांनी व्यापली की चौथीतला मुलगा आणि चष्मा लावून वर्तमानपत्र वाचणारे आजोबा दारातूनच परततात. बायका तर येतच नाहीत. अभ्यासिकेला वेगळी खोली व वेगळे दार द्यावे, म्हणजे रात्री ग्रंथसंग्रह बंद करूनही ती चालू ठेवता येईल. दुपारी दोन ते चार ही वेळ स्त्रियांसाठी राखावी. घरकाम आटोपून त्यांना तीच मोकळी मिळते, आणि त्या वेळी ग्रंथपाल मुलगी असली तर अधिक बरे.

मान्यतेच्या अर्जापूर्वी संस्थेची नोंदणी, दाखल नोंदवही, सभासद नोंदवही व हिशोब पूर्ण असावे लागतात. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला क्रमांक पडतो आणि हरवलेल्याची नोंद तिथेच करावी लागते. आमच्या जुन्या वाचनालयाची ती वही अजून माझ्याजवळ आहे. तीत ४१२ क्रमांकापर्यंत नोंदी आहेत. नव्या ग्रंथालयाची पहिली नोंद ४१३ ने करावी, असे मी कार्यकारिणीला सुचविले आहे.